चित्रातील मजकूर आणि आज्ञावली : एक ऐतिहासिक विवेचन (१९९०–२००८)

संगणकीय चित्रसंस्करणाचा इतिहास रंग व छायाचित्र यांच्या अंगाने सांगता येतो, तसा तो अक्षराच्या अंगानेही सांगता येतो. तसे केल्यास एक मूलभूत प्रश्न पुढे येतो : चित्रात लिहिलेला शब्द हा शब्द म्हणून नेमका कोठे जतन होतो? आज्ञावलीच्या, म्हणजे स्क्रिप्टच्या, साह्याने मजकुरावर काम करण्याची शक्यता सर्वस्वी या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून राहिली आहे.

थॉमस व जॉन नोल या बंधूंनी रचलेले फोटोशॉप १९९० साली बाजारात आले. त्यात टंकलेला शब्द चित्रावर स्थिरावताच पिक्सेलांत विरून जाई. चूक आढळल्यास तो खोडून पुन्हा लिहिणे एवढाच उपाय उरे. १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत लेयर, म्हणजे चित्राचे स्वतंत्र थर, आले. त्यामुळे अक्षरे पार्श्वभूमीपासून वेगळी ठेवता येऊ लागली. परंतु ती पिक्सेलच राहिली. १९९६ च्या चौथ्या आवृत्तीने कृतींची मालिका नोंदवून ती पुन्हा चालविण्याची सोय दिली. या नोंदीला पुनरावृत्ती साधत असे, निर्णय मात्र साधत नसे. थरावरील मजकूर पुढेही दुरुस्त करता येईल अशा रूपात राहू लागला तो पाचव्या आवृत्तीपासून, म्हणजे १९९८ पासून.

याच सुमारास दुसरा प्रवाह वेगळ्या दिशेने वाहत होता. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील स्पेन्सर किंबॉल व पीटर मॅटिस या विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये गिंपची रचना आरंभिली. जून १९९८ मधील १.० आवृत्तीबरोबर स्क्रिप्ट-फू ही स्कीम भाषेवर आधारलेली आज्ञापद्धती आली. शब्द, टंक, आकार व रंग पुरविले असता छाया-प्रकाशासह बोधचिन्ह सिद्ध करणाऱ्या आज्ञावल्या तिच्यासोबत मिळत. येथे एक लक्षणीय गोष्ट घडली. चित्राने शब्द जपला नव्हता. तो आज्ञावलीला पुरविलेल्या माहितीतच तेवढा शिल्लक होता. शब्द बदलावयाचा तर संपूर्ण चित्र नव्याने घडवावे लागे, आणि दरम्यान हाताने केलेले सर्व संस्कार वाया जात.

हे दोन प्रवाह पुढील दशकात जवळ आले. २००२ मध्ये फोटोशॉपच्या सातव्या आवृत्तीसाठी जोडणीच्या रूपाने व २००३ च्या सीएस आवृत्तीत अंगभूत रीतीने जावास्क्रिप्ट, ॲपलस्क्रिप्ट व व्हीबीस्क्रिप्ट या भाषांतून आज्ञावली लिहिणे शक्य झाले. थर मजकुराचा आहे काय हे तपासून त्यातील शब्द वाचता व बदलता येऊ लागले. नावांच्या यादीवरून शंभर प्रमाणपत्रे करणे हे एका फेऱ्याचे काम ठरले. गिंपमध्ये २००४ च्या २.० आवृत्तीने दुरुस्तीयोग्य मजकूर-थर आणले आणि २००८ च्या २.६ आवृत्तीने ते आज्ञावलीच्या कक्षेत आणले. तथापि मजकूर-थराचे पिक्सेलांत रूपांतर केले की आज्ञावलीला तेथे शब्द सापडत नाही, ही मर्यादा दोन्हीकडे कायम राहिली.

देवनागरीच्या बाबतीत या मर्यादेला आणखी एक पदर होता. युनिकोडपूर्व टंकांत मराठी अक्षरांचे अवयव रोमन अक्षरांच्या संकेतस्थानी बसविलेले असत. अशा थरातील मजकूर दिसण्यात मराठी असला, तरी आज्ञावलीच्या लेखी ती निरर्थक रोमन अक्षरमाला असे. त्यात ‘पुणे’ हा शब्द शोधला असता सापडत नसे. १९९१ च्या युनिकोडमध्ये देवनागरीचा समावेश झाला. पण संकेत मिळाल्याने रूप मिळत नाही. ‘कि’ या अक्षरातील वेलांटी साठविताना व्यंजनानंतर येते आणि दिसताना व्यंजनाआधी. जोडाक्षरेही टंकातून घडवावी लागतात. ही जुळणी करणारी पँगो ही प्रणाली गिंपच्या २.० आवृत्तीतील मजकूर-साधनाने वापरल्यामुळे शुद्ध संकेत व शुद्ध रूप एकत्र नांदू शकले.

सारांश, आज्ञावलीचे महत्त्व केवळ श्रम वाचविण्यात नाही. मजकूर कोणत्या रूपात जतन झाला आहे याची ती कसोटी आहे. जुनी भित्तिपत्रके, मुखपृष्ठे व निमंत्रणपत्रिका यांच्या संगणकीय धारिका उद्याच्या संशोधकासाठी ऐतिहासिक साधने ठरतील. त्यांतील ज्या थरांत शब्द शब्दरूपाने उरला आहे ते शोधता येतील व ताडून पाहता येतील. उरलेल्यांचे वाचन मात्र शिलालेखाप्रमाणे डोळ्यांनी, एकेक अक्षर लावूनच करावे लागेल, अथवा अक्षर ओळखणाऱ्या यंत्राच्या अनुमानावर विसंबावे लागेल.