शक्तिक्षीणक, गिटार विवर्धकाचा

व्हॉल्व्हच्या गिटार ॲम्पचे आउटपुट आणि स्पीकर यांच्या मध्ये जोडायचे उपकरण, व्यवहारात ‘अटेन्युएटर’. ॲम्पची बरीचशी शक्ती रोधकांत उष्णतारूपाने जिरवून ते स्पीकरकडे थोडीच जाऊ देते. व्हॉल्व्ह पूर्ण जोमाने चालल्यावर येणारा भरीव, फाटका स्वर त्यामुळे घरातल्या आवाजातही मिळतो.

रचना : घरी बांधायला सर्वांत सोपे ते ६ डेसिबलचे. ८ ओहमच्या स्पीकरसाठी ८ ओहमचे सारखे तीन रोधक लागतात. दोन समांतर जोडले की ४ ओहम होतात. ते स्पीकरच्या वाटेत एकसरीत घालावेत आणि तिसरा स्पीकरला समांतर जोडावा. ॲम्पला पूर्वीसारखाच ८ ओहमचा भार दिसतो. ॲम्पच्या ५० वॉटपैकी स्पीकरला आणि प्रत्येक रोधकाला बरोबर साडेबारा वॉट येतात, ही या मांडणीची खरी सुंदरता. असाच दुसरा टप्पा पुढे जोडल्यास स्पीकरला सुमारे ३ वॉट उरतात. ८.२ ओहमचे रोधक घेतले तरी एकूण भार ८.१५ ओहमच्या आसपास राहतो. रोधक ॲल्युमिनियमच्या कवचातले, ५० वॉटचे घ्यावेत. हीट सिंकवर घट्ट बसवल्याशिवाय ते छापील क्षमता पेलत नाहीत. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेत हे सामान मिळते.

धोका : आतला एकसरीतला सांधा निखळला तर ॲम्प भाराविना चालतो आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. म्हणून तारेला आधी पक्का पीळ द्यावा, मगच डाग द्यावा. गिटारची बारीक केबल इथे वापरू नये, स्पीकरचीच जाड तार वापरावी. डबा जाळीदार हवा.

स्वर : स्पीकरचा संरोध वारंवारतेनुसार बदलतो, रोधकाचा बदलत नाही, त्यामुळे जास्त क्षीणनात स्वर मंद होतो. शिवाय हळू आवाजात कानालाच खर्ज आणि तार स्वर कमी ऐकू येतात. कोणत्या कारणाचा वाटा किती, याविषयी वादकांत एकमत नाही. व्हॉल्व्ह लवकर झिजतात, ते मात्र ॲम्प सतत जोरात चालवल्यामुळे.

ट्रान्झिस्टरच्या ॲम्पला, म्हणजे कोकणातल्या बेंजो पथकांकडे सहसा असतो तशाला, याचा फारसा उपयोग नाही.

कायदा : ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात मर्यादा दिवसा ५५, रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल.

इतिहास : ‘बोस्टन’ या अमेरिकी बँडचे टॉम शोल्त्स यांचे ‘पॉवर सोक’ हे सुरुवातीच्या तयार उपकरणांपैकी एक.