गजाआड पोचलेली पुस्तके

सार्वजनिक गणेशोत्सवाचा विषय निघाला की लोकमान्य टिळकांचे नाव ओघाने येतेच. त्यांचे अग्रलेख, त्यांच्यावरील खटले आणि 'गीतारहस्य' यांविषयी आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. परंतु तुरुंगातल्या टिळकांच्या हाती पुस्तके कशी पडली, ती कोणी पाठवली, याकडे सहसा लक्ष जात नाही.

१८९७ साली राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. त्या काळात प्रा. मॅक्समुल्लर यांनी त्यांना आपल्या ऋग्वेद-आवृत्तीची प्रत पाठवली. दोघांची प्रत्यक्ष भेट कधीच झाली नव्हती. ओळख होती ती टिळकांच्या 'ओरायन' या ग्रंथामुळे. सरकारने ती प्रत वापरू दिली आणि रात्री काही तास वाचायला दिवाही दिला. १९०३ साली निघालेल्या 'आर्क्टिक होम इन द वेदाज' या ग्रंथातील काही वेदवचने याच वाचनात टिपलेली आहेत. टिळकांनी प्रस्तावनेत या उपकाराची नोंद केली आहे.

२२ जुलै १९०८ रोजी त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांची रवानगी ब्रह्मदेशात मंडालेला झाली. तेथून ते पुण्याला आपले भाचे धोंडोपंत विद्वांस यांना पत्रे लिहीत. त्यांत घरच्या चौकशीबरोबर हव्या असलेल्या पुस्तकांची मागणी असे. इकडची मंडळी पुस्तके मिळवून पाठवत. मध्यंतरी एका वेळी चारच पुस्तके जवळ ठेवावीत असा हुकूम निघाला. टिळकांनी अर्ज केला, तेव्हा सगळी पुस्तके जवळ ठेवण्याची परवानगी मिळाली. सुटकेच्या वेळी त्यांच्यापाशी साडेतीनशे ते चारशे पुस्तके होती.

लिहिण्याचे नियम याहून कडक. सुटे कागद मिळत नसत. पाने मोजून आकडे घातलेल्या बांधीव वह्या मिळत. शाई नाही; शिसपेन्सिल, तीही टोक करून दिलेली. अशा सामग्रीवर १९१०-११ च्या हिवाळ्यात 'गीतारहस्या'चा खर्डा तयार झाला. १९१४ मध्ये सुटका झाली तेव्हा वह्या सरकारकडेच राहिल्या. त्या पुढे परत मिळाल्या आणि १९१५ साली ग्रंथ छापून निघाला. प्रतिभा टिळकांची हे खरेच, पण पुण्याहून ते गठ्ठे गेले नसते तर त्या प्रतिभेला संदर्भ कुठून मिळाले असते?

स्वातंत्र्यानंतरही हा प्रश्न संपला नाही. भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध असलेल्या प्रभाकर संझगिरी यांनी 'अणूच्या अंतरंगात' हे मराठी पुस्तक लिहिले. विषय निव्वळ विज्ञानाचा. तरीही हस्तलिखित छपाईसाठी पत्नीकडे पाठवण्यास सरकारने नकार दिला. उच्च न्यायालयाने संझगिरींच्या बाजूने निकाल दिला. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६५ मध्ये तेथेही हरले. नियमांत जी बंधने नाहीत ती सरकारला आपल्या मर्जीने लादता येणार नाहीत, हा त्या निकालाचा गाभा. एका मराठी पुस्तकामुळे देशभरच्या स्थानबद्धांना आधार मिळाला.

टिळकांना पुस्तके पाठवायला माणसे होती. ज्याचे कोणी नाही त्याचे काय? अमेरिकेत बोस्टन आणि सिएटल येथे १९७० च्या दशकाच्या आरंभी काही स्वयंसेवकांनी हेच काम हाती घेतले. कैदी पत्राने विषय कळवतो. स्वयंसेवक दान आलेल्या ढिगातून पुस्तक शोधतात, त्या तुरुंगाचा नियम तपासतात आणि टपालाने धाडतात. सर्वांत जास्त मागणी कादंबऱ्यांना असेल असे आपल्याला वाटेल, पण पहिला मान शब्दकोशाचा! पुठ्ठा-बांधणीत वस्तू लपवता येतात म्हणून अनेक तुरुंग कागदी बांधणीचीच पुस्तके घेतात. इंग्लंडमध्ये २०१३ साली नव्या नियमांमुळे कैद्यांना बाहेरून पुस्तकांची पार्सले मिळणे बंद झाले. लेखक-वाचकांनी गजर केला आणि डिसेंबर २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने ते बंधन बेकायदा ठरवले.

आपल्याकडे तुरुंग हा राज्यांचा विषय, त्यामुळे नियम राज्यागणिक निराळे. पण एक गोष्ट सगळीकडे सारखी आहे. २०२२ च्या सरकारी आकडेवारीनुसार देशातील दर चार कैद्यांपैकी सुमारे तिघे कच्चे कैदी होते, म्हणजे गुन्हा सिद्ध न झालेले, तारखेची वाट पाहणारे. त्यांत आपली भाषा बोलणारा एखादा परप्रांतातल्या तुरुंगात असेल, तर त्याला मराठी अक्षर कुठून दिसणार?

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणा मंडळींना ही तहान सांगायला नको. दिवाळी अंकासाठी आपण किती वाट पाहतो! वाचून झालेले ते अंक, मुलांनी मागे ठेवलेली पुस्तके, एखादा जुना पण धड शब्दकोश घरोघरी पडून असतो. जवळच्या कारागृहाच्या अधीक्षकांना भेटून, तेथील नियम समजून घेऊन अशी एक पेटी तेथील वाचनालयाला देता येईल. पुस्तके फाटकी नसावीत, आत चिठ्ठ्या-पैसे राहिलेले नसावेत, आणि काय हवे ते आधी तिकडूनच विचारावे.

मंडालेला पुस्तके पोचली त्याला आता शंभराहून अधिक वर्षे झाली. ज्यांच्या नावाने आपण हा उत्सव करतो, त्यांना आपल्यासारख्याच घरच्या माणसांनी गठ्ठे बांधून दिले होते. विद्येच्या देवतेपुढे यंदा एवढा एक संकल्प सोडायला हरकत नसावी.