तीनशे मीटर काळं कापड

आपल्याकडे 'मॉंटेसरी' हा शब्द बालवाडीच्या पाटीवर सुरू होतो आणि तिथेच संपतो. भिंतीवर फुलपाखरू, वय अडीच ते सहा. मूल पहिलीत गेलं की मॉंटेसरी सुटली. पुढे चौथीची स्कॉलरशिप, मग सातवीची. माझ्या पिढीतल्या बहुतेकांचा प्रवास असाच झाला.

पण खुद्द मारिया मॉंटेसरी सहाव्या वर्षाशी थांबल्या नव्हत्या. नऊ, दहा, अकरा वर्षांच्या मुलांना काय द्यायचं, हा प्रश्न त्यांना उतारवयात जास्त छळत होता. त्यावरचे त्यांचे विचार 1930 च्या दशकात युरोपात सुरू झाले, पण त्यांना हातापायांचा आकार आला तो भारतात, कोडाइकनालच्या डोंगरात. आणि त्या वाटेवर आपलं अहमदनगरही लागतं.

1939 मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीच्या आमंत्रणावरून मारिया आणि मुलगा मारिओ मद्रासजवळच्या अड्यारला आले. बेत काही महिन्यांचा होता. जून 1940 मध्ये इटली युद्धात उतरली आणि इंग्रज सरकारच्या लेखी हे दोघे एका रात्रीत शत्रुराष्ट्राचे नागरिक झाले. मारियाबाईंना अड्यारच्या आवारातच राहायला सांगितलं. मारिओला अहमदनगरच्या कॅम्पात पाठवलं. दोन वर्षांनी नेहरूंना ज्या गावच्या किल्ल्यात ठेवलं, तेच हे गाव.

31 ऑगस्ट 1940 ला बाई सत्तर वर्षांच्या झाल्या. व्हाइसरॉयची तार आली: वाढदिवसाची भेट म्हणून तुमचा मुलगा परत पाठवत आहोत, अशा अर्थाची. त्यात 'मुलगा' हा शब्द होता, ही खरी गंमत. लग्नाशिवाय झालेला मारिओ तोवर जगापुढे भाचा किंवा दत्तक म्हणून वावरत होता. बेचाळिसाव्या वर्षी त्याला त्याची आई उघडपणे मिळाली, तीही सरकारी तारेतून.

पुढे 1942 ते 1944 ही दोन वर्षं मायलेकांनी कोडाइकनालला काढली. तिथे एक छोटी शाळा सुरू झाली, आणि श्रीलंकेच्या लेना विक्रमरत्ने मारिओसोबत मुलांमध्ये काम करू लागल्या. तोवर मॉंटेसरी पद्धत म्हणजे खोलीतली साधनं: ठोकळे, मणी, वाळूकागदाची अक्षरं. इथे मुलं डोंगरात हिंडून झाडपाला आणि प्राणी गोळा करून आणू लागली, आणि वर्गीकरणाची साधनं त्या गोळा केलेल्या ढिगातून घडली. पुस्तकातून निसर्गाकडे जायचा रस्ता उलटा फिरला. कैदेत असल्यासारख्या अवस्थेत हे झालं, याचं मला नवल वाटतं.

त्यामागचा विचार असा. सहाच्या पुढे मूल बदलतं. त्याला हात लावून पाहणं पुरत नाही. त्याला कारण हवं असतं, टोळी हवी असते, 'हे बरोबर की चूक' यावर भांडायचं असतं आणि जे दिसत नाही त्याची कल्पना करायची असते. मग त्याला तुकड्यातुकड्यांत धडे कशाला? आधी अख्खं विश्वच हातात द्या. विश्वाचा जन्म, जीवसृष्टी, माणूस, अक्षरं आणि अंक या पाच मोठ्या गोष्टी सांगायच्या, जोडीला छोटे प्रयोग आणि चित्रं. त्यानंतर ज्याला ज्वालामुखी भावला तो ज्वालामुखीमागे जाईल, जिला लिपी भावली ती लिपीमागे. पुस्तकं कमी पडली तर तीन-चार मुलांनी स्वतः ठरवून, वेळ घेऊन, शाळेबाहेर माहिती असलेल्या माणसाकडे जायचं. याला 'वैश्विक शिक्षण' असं नाव आहे. नाव ऐकून मला आधी उदबत्तीचा वास आला होता.

वास गेला तो गणिताने. या वयासाठी भोकांची एक पाटी असते आणि रंगीत खुंट्या: एकक हिरवे, दशक निळे, शतक लाल. 529 चं वर्गमूळ काढायचंय. पाच लाल, दोन निळ्या, नऊ हिरव्या खुंट्या घ्या आणि त्यांचा एक पूर्ण चौरस लावा. चार लाल खुंट्यांचा दोन बाय दोनचा चौरस होतो. उरलेली एक लाल मोडून दहा निळ्या घ्या. आता निळ्या बारा. सहा उजवीकडे, सहा खाली. कोपऱ्यात रिकामी जागा उरते, तिथे नऊ हिरव्या तीन बाय तीन बसतात. चौरस पूर्ण. बाजू मोजा: दोन लाल म्हणजे वीस आणि तीन हिरव्या. तेवीस. (अ+ब) चा वर्ग मी सूत्र म्हणून पाठ केला, इंजिनिअरिंगभर वापरला. त्यातला '2अब' म्हणजे चौरसाच्या दोन कडांना चिकटलेले दोन सारखे आयत, हे कुणी दाखवलं नाही.

सगळंच मला पटतं असं नाही. प्रवाळ समुद्राच्या पाण्यातला चुना शोषून ते राहण्याजोगं ठेवतात, तसं प्रत्येक जिवाला सृष्टीत एक काम नेमून दिलेलं आहे, असं मारियाबाई मांडतात. उत्क्रांतीत नेमून देणारा कुणी नसतो. त्या श्रद्धाळू कॅथलिक होत्या आणि पाहुण्या थिऑसॉफिस्टांच्या. गोष्टींवर दोन्हींची छाया आहे. गोष्ट सांगावी, पण त्या योजनेपुढे प्रश्नचिन्ह ठेवून.

महाराष्ट्रात हे का रुजलं नाही? एक कारण पैशाचं. 1931 मध्ये लंडनला मॉंटेसरींच्या प्रशिक्षणवर्गापुढे बोलताना गांधीजींनी गरिबांच्या मुलांना हे कधी मिळेल, ही चिंता बोलून दाखवली होती. ताराबाई मोडकांनी बालवाडीपुरतं त्याचं उत्तर दिलं: शंख, शिंपले, बिया, पानं, जे गावात मिळेल ते साधन. कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही निघाली. मोठ्या मुलांसाठी मात्र 1937 पासून वर्ध्याची नई तालीम होती: वय सात ते चौदा, तकली आणि शेतीतून शिक्षण. माझा अंदाज असा की पर्यायी शिक्षणाचा विचार करणाऱ्यांच्या मनात त्या वयाची जागा वर्ध्याने आधीच घेतली होती. नंतर ती तकलीच्या हातातूनही निसटली आणि परीक्षेकडे गेली.

एक साधन मात्र असं आहे की ते भारतातच जन्मलं, असं मॉंटेसरी शिक्षकांच्या प्रशिक्षणात सांगतात. मुलांमध्ये वाद लागला: कुणाची संस्कृती जास्त जुनी? इथली मुलं अर्थातच मागे हटेनात. (हा वाद आज आमच्या फॅमिली ग्रुपवर दर रविवारी होतो.) मारिओने कुणालाच उत्तर दिलं नाही. त्याने सुमारे तीनशे मीटर लांब काळं कापड गुंडाळून आणलं आणि ते रस्त्यावर उलगडत नेलं. मुलं सोबत चालत राहिली. काळं, काळं, नुसतं काळं. हे पृथ्वीचं वय. अगदी टोकाला एक बारीक पांढरी पट्टी: माणूस.

मी हिशोब करून पाहिला. साडेचार अब्ज वर्षं तीनशे मीटरवर पसरली तर एका मिलिमीटरला पंधरा हजार वर्षं येतात. आपल्या मानवजातीची सुमारे तीन लाख वर्षं म्हणजे दोन सेंटिमीटर. भरभराटीतलं मोहेंजोदडो टोकापासून 0.3 मिलिमीटरवर. 1674 चा राज्याभिषेक 0.02 मिलिमीटरवर, केसाच्या जाडीहून कमी. आणि ज्या संस्कृतीशी स्पर्धा चालली होती ती कुठलीही असो, तीही त्याच मिलिमीटरमध्ये.

तीनशे मीटरचा मोकळा रस्ता आता शहरातल्या शाळेला मिळत नाही. त्यामुळे तीस मीटरची पट्टी वापरतात, ती व्हरांड्यात मावते. तिच्यावर मोहेंजोदडो टोकापासून 0.03 मिलिमीटरवर येतं. ते पाहायला भिंग घ्यावं लागेल.