घरातली ख्रिस्तसभा : गोवा, वसई आणि नागासाकी

संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सोळाव्या अध्यायात प्रिस्का व अक्विला या दांपत्याला आणि त्यांच्या घरी जमणाऱ्या मंडळीला सलाम सांगितला आहे. हे दांपत्य तंबू बनविणारे होते, असे प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक सांगते. ज्या घरात दिवसभर शिवणकाम चाले, त्याच घरात प्रभूभोजनासाठी मंडळी जमत असे. भिवंडीच्या वाचकांना हे चित्र परके वाटू नये. आमच्या गावात यंत्रमागाची खडखड आणि प्रार्थना यांच्यामध्ये पुष्कळदा एकच भिंत असते.

तरीही येथील घरांतून मला वारंवार निरोप येतो, "फादर, घरी येऊन प्रार्थना घ्याल का?" या निरोपातील प्रेम मी जाणतो आणि शक्य तेव्हा जातोही. परंतु प्रार्थना "घेणे" हे धर्मगुरूचेच काम, घरच्यांनी फक्त प्रतिसाद द्यावयाचा, ही समजूत त्यामागे असते. आपल्या भूमीचा ख्रिस्ती इतिहास मात्र काही वेगळेच सांगतो.

इंग्लंडमधून आलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरले आणि पुढची सुमारे चाळीस वर्षे बहुतांशी साष्टी प्रांतात राहिले. (ही गोव्यातील साष्टी, मुंबई-ठाण्याची साष्टी निराळी.) त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापून झाले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा मराठी ग्रंथ देवनागरी खिळ्यांअभावी रोमन लिपीत छापावा लागला. ग्रंथाच्या आरंभीच त्याच्या जन्माचे कारण येते. एक नवख्रिस्ती गृहस्थ पाद्रीला विचारतो की, आमची जुनी पुराणे तर बंद झाली; आता आम्ही वाचावे, ऐकावे असे दुसरे पुराण आम्हांस का देत नाही? हा प्रश्न मला मोठा मार्मिक वाटतो. त्या गृहस्थाला मिस्सा मिळाली होती, धर्मशिक्षण मिळाले होते. पण दिवेलागणीनंतर ओटीवर बसून घरच्या माणसांनी एकत्र काय म्हणायचे, ही जागा रिकामी राहिली होती. स्टीफन्स यांनी ती ओवीने भरली. जी ओवी जात्यावर होती, पाळण्यापाशी होती, तिलाच त्यांनी उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा सांगावयास लावले. विद्वत्ता त्यांच्यापाशी होतीच. पण घराची भूक ओळखण्याची दृष्टी त्याहून मोलाची होती.

ती पुढच्या सर्वच अधिकाऱ्यांना लाभली असे म्हणता येत नाही. १६८४ साली व्हाइसरॉयने हुकूम काढला की, लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी. १७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशनने तर घराच्या उंबरठ्याआत पाऊल टाकले. लग्नात ओव्या गाऊ नयेत, हळद लावू नये, तुळस लावू नये, धोतर-चोळी नेसू नये, अशी ती मनाईची लांबलचक यादी आहे. आपल्याच इतिहासातील हे पान झाकून ठेवण्यात शहाणपण नाही. मात्र ‘ख्रिस्तपुराणा’च्या पहिल्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नसता ग्रंथ वाचला, तो ख्रिस्ती घराण्यांनी जपलेल्या हस्तलिखितांमुळे. त्यांच्याच आधारे जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ साली मंगळूरला तो पुन्हा छापला. आणि हळदीचे म्हणाल, तर वसई-मुंबईकडच्या ख्रिस्ती लग्नांत ती आजही लागते.

त्या मनाईपत्रानंतर तीनच वर्षांनी, मे १७३९ मध्ये, चिमाजी अप्पांनी वसई घेतली. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना धर्माचरणाची मोकळीक शरणागतीच्या अटींत होती. आणि सुमारे १७६० साली साष्टीतून प्रवास करणाऱ्या आंकेतिल द्यु पेराँ या फ्रेंच विद्वानाला तेथे ख्रिस्ती सण उघडपणे साजरे होताना दिसले, हेही प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. पण युरोपीय धर्मसंघांचे मठ ओस पडले. गोव्याहून आलेल्या मोजक्या देशी धर्मगुरूंवर सारा प्रदेश सोपविला गेला. रविवारची मिस्सा दुर्मीळ झाली, तशी घरची जपमाळ हीच रोजची उपासना ठरली. ‘लादिन’ हा आपल्या बोलीतला शब्द पाहा. पोर्तुगीज ‘लादाइन्या’ घरच्या जिभेवर घोळून मऊ झाला. १८९६ च्या प्लेगात मुंबईच्या गावठाणांतून क्रूस उभे राहिले, तेथेही गावातलाच कुणीतरी लादिन सुरू करी आणि बाकीचे साथ देत.

याच वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांना १५९७ साली नागासाकी येथे क्रूसावर मारण्यात आले. १६१४ च्या बंदीनंतर जपानातील धर्मगुरू एकेक करून संपले आणि दोनशेहून अधिक वर्षे तेथे मिस्सा झाली नाही. खेड्यापाड्यांतील ख्रिस्ती लोकांनी कामे वाटून घेतली. एकाने सणांचे पंचांग सांभाळायचे, दुसऱ्याने मुलांना स्नानसंस्कार द्यायचा. प्रार्थना सर्वांनी पाठ ठेवायच्या. १७ मार्च १८६५ रोजी यांतील काहीजण फादर पेतिजाँ यांच्यापुढे नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये येऊन उभे राहिले आणि आपली श्रद्धा तीच असल्याचे त्यांनी हळूच सांगितले.

१९६४ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने कुटुंबाला घरातली ख्रिस्तसभा म्हटले आणि आईबाप हेच मुलांचे पहिले धर्मशिक्षक असल्याचे सांगितले. संत जॉन ख्रिसोस्तोम यांनी चौथ्या शतकात घराला लहान ख्रिस्तसभा म्हटलेच होते. आम्ही धर्मगुरूंनी ही वचने प्रवचनांत पुष्कळ वापरली. त्यांची परीक्षा झाली ती २०२० साली. त्या वर्षीचे पुनरुत्थानाचे पर्व १२ एप्रिलला आले, तेव्हा चर्चची दारे बंद होती. भिवंडीचे मागही थांबले होते आणि कामगार नाशिक महामार्गाने पायी गावाकडे निघाले होते. कित्येक घरांत मोबाईलवर मिस्सा पाहिली गेली. त्यात गैर काही नाही. परंतु पाहणे वेगळे आणि स्वतः तोंडाने आरंभ करणे वेगळे. ज्या घरांत आजीला पाचही रहस्ये पाठ होती, तेथे मोबाईलचे नेट गेले तरी प्रार्थना अडली नाही.

आता माग पुन्हा चालू आहेत, गोदामेही वाढली आहेत. बारा तासांच्या पाळीत सायंकाळी सात वाजता सारे कुटुंब एकत्र सापडणे कठीण, ही अडचण खरी आहे. पण प्रार्थनेला सायंकाळच हवी, असे कुठे लिहिले आहे? रातपाळी संपवून बाप सकाळी घरी येतो, मुलांची शाळेची तयारी चाललेली असते, चहा उकळत असतो. तेवढ्यात जपमाळेचे एक दशक सहज होते. आरंभ आईने करावा, बापाने करावा, नाहीतर सर्वांत धाकट्याने.