तिहारमधून आलेलं पत्र

१९७९ साली तिहार तुरुंगातून सर्वोच्च न्यायालयात एक पत्र पोचलं. लिहिणारा सुनील बत्रा, फाशीची शिक्षा झालेला कैदी. तक्रार मात्र स्वतःबद्दल नव्हती. एका हेड वॉर्डरने दुसऱ्या कैद्याच्या गुदद्वारात काठी खुपसली होती. कशासाठी, तर भेटीला येणाऱ्या नातेवाइकांकडून पैसे उकळता यावेत म्हणून.

न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं आणि वाय. एस. चितळे व मुकुल मुद्गल या वकिलांना न्यायमित्र नेमून तुरुंगात जायची, कागदपत्रं तपासायची मुभा दिली. तोवर तुरुंगात जखमेची वेगळीच कारणं तयार झाली होती : मूळव्याध असेल, कैद्याने स्वतःच करून घेतलं असेल.

२० डिसेंबर १९७९ला न्या. कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला. कैद्याचा छळ झाला, हे न्यायालयाने मान्य केलं. अधीक्षकाचा प्रत्यक्ष हात नसला तरी त्याला जबाबदारी झटकता येणार नाही, असंही बजावलं. तपासात चालढकल करणाऱ्या पोलिसांवर कारवाई करायला सांगितलं. तुरुंगांत तक्रारपेट्या ठेवायच्या आणि त्या जिल्हा दंडाधिकारी व सत्र न्यायाधीशांच्या हुकमतीत असायच्या, असा आदेश दिला. पण काठी कुणी खुपसली, हा प्रश्न फौजदारी खटल्यासाठी मोकळा सोडला. कायद्याच्या इतिहासात हा निकाल मोठा मानतात, आणि तो आहेच. तरीही हक्क जाहीर होणं आणि मारणाऱ्याला शिक्षा होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ही दरी कशामुळे? मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. ज्याच्या चुकीची चौकशी करायची, त्याच्याच हातात लॉग पुसायचा अधिकार असेल, तर त्या लॉगवर आम्ही विसंबत नाही. तुरुंगात नोंदवही, डॉक्टर, साक्षीदार, सगळंच गार्डच्या भिंतीआड असतं. पोलीस कोठडीतल्या जखमांबाबत विधी आयोगाने १९८५ सालच्या ११३व्या अहवालात सुचवलं होतं, की ती जखम पोलिसानेच केली असं न्यायालयाला गृहीत धरता यावं. तसा कायदा झाला नाही. २००५च्या दुरुस्तीने कोठडीतल्या मृत्यूची न्यायालयीन चौकशी सक्तीची केली. मार खाऊन जिवंत राहणाऱ्याला तिचा उपयोग नाही. १९९७ साली भारताने छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर सही केली, पण त्याला मान्यता दिली नाही. छळविरोधी विधेयक २०१०मध्ये लोकसभेत मंजूर झालं आणि राज्यसभेत अडकलं.

जून २०१७मध्ये भायखळ्याच्या महिला कारागृहात मारहाणीनंतर एका बंदिवान स्त्रीचा मृत्यू झाला. सहा कर्मचाऱ्यांना खुनाच्या आरोपाखाली अटक झाली, ती आतल्या बायका बोलल्या म्हणून. तिहारमध्येही बोलला तो कैदीच. ज्यांना पुन्हा त्याच गार्डच्या पहाऱ्यात झोपायचं असतं, त्यांच्या धाडसावर आपला कायदा अजून चालतो आहे.