मावळचे हिरवे रान आणि गाईचे अर्धे पोट

पावसाळ्यात लोणावळ्याच्या घाटातून जाणाऱ्या प्रवाशाला दोन्ही अंगांनी हिरवेगार डोंगर दिसतात. अशा मुलखात गाईगुरांना वैरणीची ददात ती कसली, असे त्याला वाटल्यास नवल नाही. प्रत्यक्षात अंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ या खोऱ्यांतील दूध उत्पादकाचा मोठा खर्च पेंड आणि खुराकावरच होतो. गवत उदंड असूनही गाय अर्धपोटी राहते, याचे कारण त्या गवताच्या घडणीत आहे.

उष्ण कटिबंधातील बहुतेक गवते प्रखर उन्हात कर्बवायू अधिक कार्यक्षमतेने वापरतात. त्यासाठी त्यांना पानांत प्रथिन कमी लागते. त्यांच्या शिराही दाट असतात आणि उष्णतेमुळे त्या लवकर काष्ठमय होतात. त्यामुळे गवत झपाट्याने वाढते, पण तितक्याच झपाट्याने निबर होते. थंड प्रदेशातील कुरणांवर गाय नुसती चरून भरपूर दूध देते. मावळातील कुसळीवर तिच्याकडून तशी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे.

गाय गवत खाते हेही अर्धेच खरे. ते पचवितात तिच्या कोठीपोटातील कोट्यवधी सूक्ष्म जीव, आणि या जीवांच्या वाढीला नत्र लागते. कोरड्या वजनाच्या हिशेबाने चाऱ्यात सुमारे ७ टक्के प्रथिन नसेल तर त्यांची संख्या रोडावते. मग गवत पोटात रेंगाळते, जागा अडून राहते आणि गाय पुढचा घास कमी घेते. म्हणजे प्रथिनाच्या कमतरतेने केवळ प्रथिनाचेच नव्हे, तर एकूण खाण्याचेच नुकसान होते.

लोणावळ्यास वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक चार महिन्यांत. आषाढ-श्रावणातील कोवळ्या गवतात प्रथिन बरे, आठ ते दहा टक्क्यांपर्यंत असते. परंतु पाणीच इतके असते की पोट भरूनही कोरडा अंश थोडाच जातो. दिवाळीपर्यंत गवत फुलून दाणा टाकते आणि प्रथिन तीन-चार टक्क्यांवर येते. नंतर उन्हाळाभर आधार भाताच्या पेंढ्याचा. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ मध्ये दिलेल्या ‘इंद्रायणी’ वाणाचा तांदूळ पुण्या-मुंबईच्या स्वयंपाकघरांत सुगंधासाठी नावाजला गेला. गोठ्यात मात्र भाताचा पेंढा म्हणजे तीन-चार टक्के प्रथिन, भरपूर सिलिका आणि तुटपुंजे स्फुरद.

हिशेब साधा आहे. ४०० किलो वजनाची, दहा लिटर दूध देणारी संकरित गाय दिवसाला दहा-अकरा किलो कोरडा चारा खाते. सगळा पेंढाच दिला तर त्यातून जेमतेम ४०० ग्रॅम प्रथिन मिळेल. गरज किलोपेक्षा अधिक आहे. ही तूट गाय काही दिवस अंगावरच्या मांसातून भरून काढते. मग दूध घटते, माज वेळेवर येत नाही. गाईच्या दुधाचा भाव ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो. उपासमार होणाऱ्या गाईचे एसएनएफ घसरते आणि संकलन केंद्रावर लिटरमागे कपात होते. टाटा पॉवरच्या साहाय्याने मावळात केवळ महिला सभासदांची दूध उत्पादक कंपनी उभी राहिली. अशा घरांत गोठ्याचा हा हिशेब बहुधा बाईच सांभाळते.

सर्वांत स्वस्त उपाय पेंढ्यावरच करता येतो. १०० किलो पेंढ्यावर ४ किलो युरिया सुमारे ५० लिटर पाण्यात विरघळवून थराथराने शिंपडावा, दाबून हवाबंद झाकावा आणि २१ दिवसांनी उघडावा. तयार होणाऱ्या अमोनियाने तंतू सैल होतात आणि प्रथिन सात-आठ टक्क्यांपर्यंत जाते. खाऊ घालण्यापूर्वी पेंढा पसरून वास जाऊ द्यावा. येथे हलगर्जी चालत नाही: कोरडा युरिया आंबोणावर टाकणे किंवा पाण्यातून पाजणे जिवावर बेतते, आणि सहा महिन्यांखालील वासरांना तो देऊच नये. याच तत्त्वावर आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञ आर. ए. लेंग यांच्या सहकार्याने युरिया, मळी आणि क्षारांच्या चाटण-विटा प्रसृत केल्या. चाटून चाटून जनावराच्या पोटात नत्र थोडे थोडेच जाते, हा त्यांचा गुण.

दहा लिटरच्या गाईला एवढ्याने भागत नाही. तिला खरे प्रथिन हवे. शरीरपोषणाला एक-दीड किलो आणि दर अडीच लिटर दुधामागे एक किलो खुराक, हा रूढ ठोकताळा. शेंगदाणा पेंडीतील प्रथिन मुबलक, पण ते बव्हंशी कोठीपोटातच फुटून जाते. सरकी पेंडीतील त्यामानाने अधिक आतड्यापर्यंत पोहोचते. ‘बायपास’ पेंडीत नेमके हेच प्रक्रिया करून साधलेले असते. कमी दुधाच्या गाईला ती देणे मात्र पैशांचा अपव्यय. भातगिरणीचा कोंडा जवळच मिळतो, परंतु तो लवकर खवट होतो, आठवड्याचाच आणावा.

पेंडीची बचत बांधावर होते. सुबाभूळ आणि दशरथ घास या शेंगावर्गीय वैरणी पेंडीचा काही भार उचलतात. सुबाभूळ मात्र एकूण वैरणीच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक नको. भातानंतर ओलीवर घेतलेल्या हरभरा, वालाचे भुसकटही पेंढ्याहून सरस. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे ‘फुले जयवंत’ हे संकरित नेपियर पाणी असेल तेथे लावता येते. उंच वाढलेले नेपियर पाहून शेतकरी सुखावतो, पण गाईच्या दृष्टीने पहिल्या कापणीनंतर दर ४५ ते ५० दिवसांनी कापलेलेच गवत कामाचे. त्यातील ऑक्झॅलेट चुना बांधून ठेवते, म्हणून सोबत क्षारमिश्रण हवे.

डोंगरउतारावरच्या चराऊ रानांना बंगल्यांची कुंपणे पडू लागल्यापासून हा प्रश्न आणखी गोठ्याच्या आत आला आहे. पूर्वी गाय दिवसभर हिंडून कोवळे शेंडे निवडून खात असे. आता गव्हाणीत टाकलेल्या पेंढ्यात निवडण्यासारखे काही उरत नाही.