गिरगावची तीन चित्रगृहे : कोरोनेशन, मॅजेस्टिक, सेंट्रल

भारतीय चित्रपटाचा इतिहास आपण बहुधा चित्रपटांच्या आणि नटनट्यांच्या नावांनी पाठ करतो. पहिला मूकपट, पहिला बोलपट, पहिला मराठी बोलपट. स्पर्धा परीक्षेच्या उत्तरांप्रमाणे ही नावे ओठांवर असतात. पण ज्या इमारतींत लोकांनी हे चित्रपट प्रथम पाहिले, त्या कोठे होत्या, असे विचारले की उत्तर अडखळते. आजच्या धाग्यात चित्रपट थोडे बाजूला ठेवून पत्ते पाहू. हे पत्ते गिरगावचे आहेत, आणि सारे पायी पंधरा-वीस मिनिटांच्या टापूत येतात.

आरंभ मात्र गिरगावात झाला नाही. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे मुंबईत प्रथम दाखवली गेली ती काळाघोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात, एक रुपया तिकिटाला. त्या काळी एक रुपया म्हणजे कष्टकऱ्याची कित्येक दिवसांची मजुरी. आठवड्याभरातच हे खेळ नॉव्हेल्टी नाट्यगृहात गेले आणि तेथे दर चार आण्यांपर्यंत उतरले. पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळे कक्षही राखले गेले. चित्रपटाला स्वतःचे घर नव्हते. तो नाटकाच्या घरात पाहुणा म्हणून राहिला, आणि बाकी ठिकाणी तंबू ठोकून हिंडला.

नाटकाचे जुने घर होते ग्रँट रोडला. नाना शंकरशेट यांच्या पुढाकाराने तेथे १८४६ मध्ये नाट्यगृह उभे राहिले आणि १८५३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी तेथे आपली नाटके केली. पुढे आजूबाजूला इतकी नाट्यगृहे झाली की ‘प्ले हाऊस’ या शब्दाचे लोकांच्या तोंडी ‘पिला हाऊस’ झाले. तिथून गिरगाव हाकेच्या अंतरावर. चाळींत राहणारा कारकून, शिक्षक, छापखान्यातला जुळारी, रात्री जेवून पायी नाटकाला जाणारा हा प्रेक्षक चित्रपट येण्याच्या आधीच तयार होता. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण पुढचे सारे तिच्यावर उभे आहे.

या प्रेक्षकांपैकीच एक होते धुंडिराज गोविंद फाळके. ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट त्यांनी पाहिला तो गिरगावातील अमेरिका-इंडिया या चित्रगृहात. तो पाहताना आपल्या राम-कृष्णांना याच रीतीने पडद्यावर आणता येईल, हा विचार त्यांच्या मनात आला. पुन्हा तोच खेळ पाहायला ते पत्नी सरस्वतीबाईंना घेऊन गेले. पुढे १९१७ साली ‘नवयुग’ मासिकात त्यांनी स्वतःच हे लिहून ठेवले आहे. भारतीय चित्रपटाचा जन्म दादरच्या बंगल्यात कॅमेरा फिरू लागला तेव्हा झाला असे आपण म्हणतो. पण त्याआधी तो गिरगावातल्या एका चित्रगृहातील खुर्चीवर झालेला होता.

‘राजा हरिश्चंद्र’चा खास खेळ २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया चित्रगृहात निमंत्रितांसाठी झाला. सर्वसामान्य प्रेक्षकांसाठी तो ३ मे १९१३ रोजी लागला, तो गिरगावात सँडहर्स्ट रस्त्यावरील ‘कोरोनेशन सिनेमॅटोग्राफ’मध्ये. त्या खेळाची जाहिरात वाचण्यासारखी आहे. हरिश्चंद्राच्या जोडीला कार्यक्रमात एका आंग्ल नर्तकीचे नृत्य होते, विनोदी प्रवेश होता आणि पायांनी वस्तू झेलणारा एक कसरतपटूही होता! सत्यासाठी राज्य सोडणारा राजा आणि पायांवर वस्तू फिरवणारा कसबी एकाच तिकिटात. हसू येते खरे, पण त्यावरून चित्रगृहाचे त्या काळचे स्वरूप कळते. केवळ चित्रपटावर लोक येतील, अशी खात्री चालकालाही नव्हती.

ही शंका निराधार नव्हती. सुरतेत हाच चित्रपट लावला तेव्हा प्रेक्षक फिरकेनात, असे सांगतात. सहा तासांचे नाटक दोन आण्यांत मिळत असताना तासा-दीड तासाच्या खेळाला तीन आणे कोण देणार? तेव्हा फाळक्यांनी जाहिरात केली : सत्तावन्न हजार छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र, केवळ तीन आण्यांत! येथे थोडे गणित करून पाहण्याजोगे आहे. चित्रपट सुमारे ३,७०० फूट लांब होता आणि फिल्मच्या एका फुटात सोळा चौकटी मावतात. म्हणजे एकोणसाठ हजारांच्या आसपास चित्रे होतात. सत्तावन्न हजारांचा आकडा जवळजवळ प्रामाणिक ठरतो. दोन मैल मात्र नाहीत. मैलाचा पाऊण भागही भरत नाही. जाहिरातदार फाळके चित्रकार फाळक्यांइतकेच कल्पक होते, एवढेच म्हणू या.

मूकपटांच्या काळात चित्रगृह मुके नसे. पडद्यापाशी पेटी-तबला वाजे, अक्षरे उमटली की लिहिता-वाचता येणारे ती शेजाऱ्यांसाठी मोठ्याने वाचत. भाषेची अडचण नव्हती. एकच चित्रपट पेशावरपासून मद्रासपर्यंत चाले.

आता दुसरा पत्ता. अब्दुलअली युसुफअली हे तंबूतून सिनेमा दाखवत पूर्व आशियात आणि हिंदुस्थानात हिंडलेले गृहस्थ. त्यांनी आणि अर्देशीर इराणी यांनी भागीदारीत १९१४ मध्ये अलेक्झांड्रा हे चित्रगृह घेतले आणि चार वर्षांनी गिरगावात ‘मॅजेस्टिक’ बांधले. तंबूवाल्याचे असे भिंतींच्या आत येणे, हा त्या व्यवसायातला मोठा पालट होता. प्रेक्षकाला शोधत फिरण्याऐवजी प्रेक्षक रोज आपल्या दारी येईल, असा विश्वास त्यामागे होता.

१४ मार्च १९३१ रोजी याच मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला. निर्माते इराणीच. त्यांचा स्टुडिओ लोहमार्गाजवळ असल्याने गाड्यांचा आवाज थांबल्यावर, मध्यरात्र उलटून गेल्यावर चित्रण करावे लागे. प्रदर्शनाच्या दिवसांच्या युसुफअलींनी सांगितलेल्या आठवणी प्रसिद्ध आहेत : रांग लावण्याची पद्धत तेव्हा नव्हती, तिकीट खिडकीवर अक्षरशः झुंबड उडे, पोलीस बोलवावे लागले, आणि चार आण्यांचे तिकीट काळ्या बाजारात चार-पाच रुपयांना गेले. ‘ब्लॅक’ने तिकीट विकणाऱ्याचा इतिहास कोणी लिहिलाच, तर त्याचे पहिले ठळक पान बहुधा याच फुटपाथवर सापडेल.

पडदा बोलू लागला आणि दोन गोष्टी घडल्या. पेटी-तबलेवाले बेकार झाले. आणि प्रेक्षक भाषेनुसार विभागला गेला. मूकपटाला सारा देश पुरत होता, बोलपटाला वस्ती लागू लागली. मराठी बोलपट जगायचा तर मराठी बोलणारी, नियमाने तिकीट काढणारी वस्ती हवी. ती गिरगावात होती.

६ फेब्रुवारी १९३२ रोजी मॅजेस्टिकमध्येच प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ लागला. चित्रपट कोल्हापूरचा, दिग्दर्शक शांताराम. कथा मात्र पुन्हा हरिश्चंद्राचीच. एकोणीस वर्षांपूर्वी ज्याने मुक्याने राज्य सोडले, तो आता मराठीत बोलत होता. तारामतीची भूमिका करणाऱ्या दुर्गा खोटे लहानाच्या मोठ्या झाल्या त्या गिरगावातल्याच कांदेवाडीत. फाळक्यांना तारामतीसाठी स्त्री मिळाली नव्हती, अण्णा साळुंके यांना लुगडे नेसवावे लागले होते. त्याच गिरगावातील एका सुशिक्षित घरातली मुलगी आता ती भूमिका करत होती. सामाजिक अंतर मोजायला यापेक्षा नेमके माप मला ठाऊक नाही.

तिसरा पत्ता सेंट्रल. दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ १२ डिसेंबर १९३६ रोजी तेथे लागला आणि सत्तावन्न आठवडे उतरला नाही. पुढच्या वर्षी व्हेनिसला त्याचा गौरव झाला, हे सर्वत्र लिहिलेले असते. सत्तावन्न आठवड्यांकडे मात्र विक्रमाचा आकडा म्हणून पाहिले जाते आणि सोडून दिले जाते. एकाच चित्रगृहात एक चित्रपट वर्षाहून अधिक काळ चालतो, तो केवळ नव्या प्रेक्षकांवर नव्हे. तीच माणसे पुन्हा पुन्हा येतात. गावाहून आलेल्या आईला दाखवायला, सुनेला दाखवायला, एकादशी म्हणून. ही वारी आहे, आणि तिला जवळचे देऊळ लागते.

या साऱ्याचे अवशेष काय? ‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकी केवळ पहिले आणि शेवटचे हाती आहे. ‘आलम आरा’ची एकही प्रत उरलेली नाही. कोरोनेशन नाही; मॅजेस्टिक पाडले गेले आणि त्या जागी त्याच नावाचे शॉपिंग सेंटर आले. गंमत अशी की पहिला परदेशी खेळ झाला ते वॉटसन हॉटेल मोडकळीला आलेल्या अवस्थेत का होईना अजून उभे आहे. गिरगावच्या वाट्याला तेवढेही आले नाही. चित्रफीतही गेली आणि इमारतही गेली, तेव्हा जाहिरातीची कात्रणे, तिकिटांचे तुकडे आणि पाहणाऱ्यांच्या आठवणी हीच साधने उरतात. आजोबांनी पुस्तकात खूण म्हणून ठेवलेले जुने तिकीट सापडले, तर मागच्या बाजूला त्यांच्याकडून तारीख आणि चित्रगृहाचे नाव पेन्सिलने लिहून घ्या. शाई उमटते, पेन्सिल बरी.

एक खूण मात्र अनपेक्षित ठिकाणी टिकली. मॅजेस्टिक सिनेमाच्या भिंतीशी केशवराव कोठावळे जुनी पुस्तके मांडून विकत असत. त्यांनी दुकानाला नाव दिले मॅजेस्टिक बुक स्टॉल, आणि पुढे प्रकाशनसंस्थेलाही तेच. त्यामुळे ज्यांनी गिरगाव कधी पाहिले नाही, अशांच्या घरीही मराठी कादंबऱ्यांच्या पाठकण्यावर त्या चित्रगृहाचे नाव आजही छापलेले सापडते.